पत्रा, ब्लॉक आणि बायबल

ग्वाटेमाला सिटीच्या ला अरोरा विमानतळावर सामानाच्या पट्ट्याभोवती एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेला घोळका दिसला, की ही मंडळी कोण हे विचारावं लागत नाही. पाठीवर चर्चचं नाव, त्याखाली बायबलमधल्या एखाद्या वचनाचा अध्याय-क्रमांक आणि साल. सोळा-सतरा वर्षांची पोरं, दोन-चार निवृत्त आजोबा, एखादा दंतवैद्य आणि एक गिटार हमखास. बॅगांमध्ये जुने चष्मे, जंतांच्या गोळ्या, रंगीत खडू, हातमोजे. डोंगरातल्या एखाद्या माया खेड्यात आठवडाभर राहायचं, चर्चच्या भिंती उभारायच्या, मुलांना गाणी शिकवायची, शेवटच्या दिवशी अँटिग्वा शहरात खरेदी करायची आणि घरी परतायचं. डॅलसहून येताना माझ्या शेजारी बसलेले आजोबा असेच निघाले होते. आयुष्यभर सुतारकाम केलेला माणूस. "तुमचं मिशन कुठलं?" त्यांनी आपुलकीनं विचारलं. मी पुण्याचा, हिंदू, आणि इथली चर्चं कुणी आणि कशी बांधली हे बघायला चाललोय, असं सांगितल्यावर त्यांना काय बोलावं सुचेना. त्यांनी खिशातून एक पेपरमिंट काढून माझ्या हातावर ठेवलं.

अशा अल्पकालीन मिशनसाठी 2005च्या सुमारास दरवर्षी 16 लाख अमेरिकन ख्रिस्ती परदेशात जात होते, असा समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांचा अंदाज आहे. त्यांतल्या अनेकांना मध्य अमेरिका सोयीची पडते. विमानप्रवास थोडका, डोंगर देखणे आणि गरिबी शोधत हिंडावं लागत नाही. ग्वाटेमालाच्या 2018च्या जनगणनेत सुमारे 42 टक्के लोकांनी स्वतःला माया म्हणवून घेतलं. त्यांच्या भाषा बावीस. पिरॅमिड बांधून जंगलात गडप झालेली जमात म्हणून आपण ज्यांना ओळखतो, ती माणसं आज मका, कोबी, गाजरं पिकवतात, कॉफीच्या मळ्यांवर आणि ह्यूस्टनच्या बांधकामांवर राबतात. देशातली पाच वर्षांखालची जवळजवळ निम्मी मुलं वयाच्या मानानं खुजी आहेत आणि माया वस्त्यांत हे प्रमाण आणखी चढतं.

देव मात्र इथे कुणाच्या वाट्याला कमी आलेला नाही. तो 1524मध्ये पेद्रो दे आल्वारादो या स्पॅनिश विजेत्याच्या घोडदळाबरोबर आला, मग झगेवाल्या संन्याशांबरोबर, मग बायबल विकणाऱ्या फेरीवाल्याबरोबर, मग भूकंपानंतरच्या मदतीच्या ट्रकांतून. प्रत्येकानं आपापलं चर्च बांधलं. बांधलं म्हणजे बांधवून घेतलं. दगड-विटा वाहणारी डोकी मायांचीच होती. डोकी हा शब्दही इथे नेमका लागू पडतो. कपाळावरून चामड्याचा पट्टा घ्यायचा आणि पाठीवरचा भार त्यावर तोलायचा, ही इथली वाहतुकीची जुनी रीत. लाकडाची मोळी पाठीवर घेऊन त्याच पट्ट्यावर चढण चढणारे म्हातारे आजही रस्त्याकडेला दिसतात.

अँटिग्वाजवळचं सान आंतोनियो आग्वास कालिएन्तेस हे विणकरांचं गाव. कमरेला पट्टा बांधून चालवायच्या मागावर इथल्या बायका जे वीपील, म्हणजे पोलके, विणतात त्यांवरचे पक्षी दोन्ही बाजूंनी सारखेच दिसतात. उलटी बाजू कुठली हे विणणारीलाच ठाऊक. 1917 साली कॅमरन टाउनसेंड नावाचा एकवीस वर्षांचा अमेरिकन तरुण स्पॅनिश बायबलं विकायला ग्वाटेमालात उतरला आणि पुढे बायकोसह याच गावात राहिला. ज्यांना बायबल विकायचं त्यांना स्पॅनिश धड येत नव्हतं. तुमचा देव एवढा थोर, तर त्याला आमची भाषा कशी येत नाही, असं एकानं त्याला विचारल्याची गोष्ट मिशनच्या वर्तुळात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ती घडली तशीच सांगतात की घोटून गुळगुळीत झाली आहे, देव जाणे. टाउनसेंडनं काक्चिकेल भाषा शिकून घेतली आणि गावातल्या माणसांना हाताशी धरून नवा करार त्या भाषेत आणला. 1931 साली तो छापून झाला आणि त्याची प्रत राष्ट्राध्यक्ष होर्हे उबिको यांच्या हाती देण्यात आली. पुढे टाउनसेंडनं स्थापलेली विक्लिफ ही भाषांतरसंस्था जगभर पसरली. तिचं मूळ या विणकरांच्या गल्लीत आहे.

प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांना या देशात पहिल्यांदा बोलावलं ते सरकारनंच. उदारमतवादी हुकूमशहा हुस्तो रुफिनो बारियोस यानं 1873मध्ये धर्मस्वातंत्र्याचा हुकूम काढला आणि 1882मध्ये जॉन क्लार्क हिल या प्रेस्बिटेरियन पाद्र्याला आणवलं. कॅथलिक चर्चची मुजोरी मोडायची आणि परदेशी भांडवलदारांना घरच्यासारखं वाटेल अशी सोय करायची, असा दुहेरी डाव. त्यात माया शेतकरी कुठेच नव्हता. त्याच्यापर्यंत हा नवा धर्म पोहोचायला पुढची पिढी जावी लागली, आणि रुजायला त्याहून जास्त.

तो का रुजला याचं एक उत्तर याच सान आंतोनियोत मिळालं. शेल्डन ॲनिस या अभ्यासकानं इथे घरोघरी फिरून हिशेब मांडले आणि 1987 साली पुस्तक लिहिलं. गावातल्या जुन्या रिवाजात प्रत्येक संताची एक मंडळी असते, तिला कोफ्रादिया म्हणतात. तिचा मान ज्या घराकडे येतो त्यानं वर्षभर उत्सवाचा खर्च उचलायचा: मेणबत्त्या, फटाके, बँड, जेवणावळी आणि दारू. आपल्याकडच्या जत्रेचा मानकरी डोळ्यांसमोर आणा. ॲनिसनं याला सांस्कृतिक कर म्हटलं. शेत तुटपुंजं झालेल्या, कर्जात बुडालेल्या माणसाला बाटून इव्हान्हेलिको, म्हणजे प्रॉटेस्टंट, होणं म्हणजे या करातून सुटका होती. दारू बंद, उत्सव बंद, चार पैसे शिल्लक. नवऱ्याची दारू सुटावी म्हणून त्याला ओढत प्रार्थनेला नेणाऱ्या बायकांच्या कथा तर या डोंगरात गावोगाव ऐकू येतात. आत्म्याचं काय झालं ते वेगळं, पण घरखर्चाचं गणित बदललं.

अँटिग्वाहून वर चढणाऱ्या बसा म्हणजे अमेरिकेत म्हाताऱ्या झालेल्या शाळेच्या पिवळ्या बसा. इथे त्यांना लाल-हिरवा रंग चढतो, क्रोमच्या पट्ट्या लागतात, पुढच्या काचेवर 'देव माझा वाटाड्या' अशा अर्थाचं वाक्य येतं आणि दोघांच्या बाकावर तिघं बसतात. वळणांवर चालक ज्या बेदरकारपणे गाडी घालतो ते पाहता ते वाक्य उतारूंसाठीच असावं. ही बस आपल्याला चिमालतेनांगोला सोडते. गाव पाहण्याजोगं नाही. ट्रक, टायरची दुकानं, धूळ. तरीही मला तिथे उतरायचंच होतं.

4 फेब्रुवारी 1976ला पहाटे तीनच्या सुमारास झालेल्या भूकंपानं या जिल्ह्याचा कणा मोडला. देशभरात सुमारे 23 हजार माणसं मेली आणि दहा लाखांवर बेघर झाली. मातीच्या जाड भिंती आणि वर जड कौलं, अशी घरं झोपलेल्यांवर कोसळली. शहरातल्या पक्क्या वस्त्या बऱ्याच वाचल्या, म्हणून लोकांनी याला गरिबांचा भूकंप म्हटलं. लातूर-किल्लारीची 1993ची पहाट आठवणाऱ्याला हे वर्णन परकं वाटायचं नाही. मदतीला ज्या संस्था धावल्या त्यांत अमेरिकन इव्हान्जेलिकल चर्चं आघाडीवर होती. पन्हाळी पत्रे, खिळे, सिमेंट, मका आणि सोबत प्रवचन. पत्रा घ्या, आत्मा द्या, अशा अर्थाची एक यमक जुळवलेली टवाळी स्पॅनिशमध्ये तेव्हापासून रूढ झाली. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. पण नुसत्या पत्र्यासाठी बाटलेला माणूस पत्रा गंजेपर्यंतच टिकायला हवा होता. भूकंपाआधी प्रॉटेस्टंटांचं प्रमाण एक आकडी होतं. आज ते देशात चाळीस टक्क्यांच्या आसपास आहे, आणि बहुतेक चर्चांचे पाद्री गावातलेच आहेत. कुणाच्या घराच्या पडवीत सुरू झालेली, आठवड्याला भांडणं होऊन फुटणारी, फुटून दोन होणारी ही चर्चं आहेत. परदेशी मिशनला त्यांची नावंही माहीत नसतात.

चिमालतेनांगोला उतरायचं कारण मात्र एक डॉक्टर. कॅरोल बेअरहॉर्स्ट, कॅन्ससचा लुथरन. मिशनतर्फे देशात आलेल्या या माणसानं 1962मध्ये इथे दवाखाना काढला. जुलाब झालेलं मूल बरं करून घरी पाठवायचं आणि महिन्याभरानं तेच मूल पुन्हा दारात, हे रोजचं झालं. मग त्यानं काक्चिकेल शेतकऱ्यांनाच आरोग्यसेवक म्हणून शिकवायला सुरुवात केली: आठवड्यातून एक दिवस यायचं, आजार ओळखायला शिकायचं, औषधं घेऊन गावी परतायचं. त्यानं मांडलेल्या प्राधान्यक्रमात सामाजिक-आर्थिक अन्याय पहिला आणि जमिनीचा प्रश्न दुसरा होता, औषधोपचार तळाला. शेतकऱ्यांना जमीन घेण्यासाठी कर्ज देणारी व्यवस्थासुद्धा या दवाखान्यातून उभी राहिली.

1975 साली जागतिक आरोग्य संघटनेनं जगभरच्या अशा प्रयोगांचं एक पुस्तक काढलं. त्यात एक प्रकरण चिमालतेनांगोचं आहे आणि एक आपल्या जामखेडचं. रजनीकांत आणि मेबल आरोळे या ख्रिस्ती डॉक्टर दांपत्यानं 1970मध्ये दुष्काळी जामखेडात काम सुरू केलं आणि निरक्षर बायकांना गावच्या आरोग्याची सूत्रं दिली. दोन टोकांवरचे हे दोन दवाखाने एकाच बांधणीच्या पुस्तकात शेजारी नांदले, हे वाचल्यापासून ते धुळकट गाव माझ्या यादीत होतं. पुढची वाट मात्र वेगळी झाली. जामखेडच्या सेविकांना तुच्छतेशी आणि अंधश्रद्धेशी झगडावं लागलं. इथे लष्कर आणि गनिमी टोळ्या यांच्यात यादवी युद्ध चालू होतं, आणि लिहितावाचता, संघटना करणारा माया शेतकरी म्हणजे त्या टोळ्यांचा हस्तक, असा लष्कराचा हिशेब होता. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला बेअरहॉर्स्टनं तयार केलेल्या आरोग्यसेवकांतले कित्येक मारले गेले.

इथून पुढचा रस्ता किचे प्रांताकडे वळतो आणि चिचिकास्तेनांगोला पोचतो. गुरुवारी आणि रविवारी इथे बाजार भरतो. त्या गर्दीतून वाट काढत आपण सान्तो तोमासच्या चर्चपाशी येतो. 1540च्या सुमारास डॉमिनिकन संन्याशांनी ते एका जुन्या माया देवळाच्या चौथऱ्यावर उठवलं. चढायला अठरा पायऱ्या. माया पंचांगात वीस दिवसांचे अठरा महिने असतात आणि पायऱ्या त्यांच्याच, असं इथले लोक सांगतात. पायऱ्यांवर फुलवाल्या बसलेल्या असतात. वर दाराशी एक म्हातारा भोकं पाडलेला पत्र्याचा डबा तारेला बांधून झुलवत असतो. आत कोपालचा, म्हणजे इथल्या धुपाचा, दाट धूर. हा म्हातारा पाद्री नाही. तो मायांचा पुरोहित. पूर्वज, डोंगर, दिवसांचे स्वामी आणि सान्तो तोमास यांची नावं तो एका दमात घेतो. पर्यटकांना मुख्य दारातून प्रवेश नाही आणि आत फोटो काढायला मनाई. बाजूच्या दारानं आत गेलं, की मधल्या वाटेवर जमिनीलगतचे दगडी ओटे दिसतात. त्यांवर पाकळ्यांच्या राशी, बारीक मेणबत्त्या, दारूचे दोन-चार थेंब. एक बाई उकिडवी बसून किचे भाषेत कुणाला तरी चांगलं खडसावत होती. तिचा स्वर विनवणीचा नव्हता, थकलेली उधारी मागायला आलेल्या माणसाचा होता.

चार फुटांवर वेदीपाशी कॅथलिक मिसाची तयारी चालू होती. दोघांनाही एकमेकांची अडचण झालेली दिसली नाही.

याच चर्चच्या आवारात अठराव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत फ्रान्सिस्को हिमेनेस हा डॉमिनिकन पाद्री होता. गावकऱ्यांनी विश्वासानं दाखवलेली एक किचे पोथी त्यानं उतरवून घेतली. डाव्या स्तंभात मूळ, उजव्यात स्पॅनिश. तीच आज जगाला माहीत असलेली पोपोल वूह, मायांची सृष्टिकथा. मूळ पोथीचा पत्ता नाही, हिमेनेसची प्रत शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात आहे. युकातानमध्ये 1562 साली दिएगो दे लांदा या फ्रान्सिस्कन संन्याशानं मानी गावात मायांच्या पोथ्यांची होळी केली होती. दोघेही मिशनरी, दोघांचा देव एकच. त्याआधी, 1550च्या दशकात, दोमिंगो दे व्हिको या आणखी एका डॉमिनिकननं किचे भाषेत ख्रिस्ती धर्माचा प्रचंड ग्रंथ रचला होता, तोही मायांच्या जोडओळींच्या ढंगात आणि त्यांच्याच देवतांची विशेषणं उसनी घेऊन. मराठी वाचकाला इथे फादर स्टीफन्स आठवणारच. गोव्यात 1616 साली छापलेल्या ख्रिस्तपुराणाची ओवी आणि व्हिकोची जोडओळ एकाच हिशेबातून आली: परका देव गळी उतरवायचा तर तो गावच्या चालीवर म्हटला पाहिजे.

धूप झुलवणारे म्हातारे आणि मिसा यांच्यात आज दिसतो तो सलोखा कायमचा नव्हे. 1950च्या दशकात स्पेनहून आलेल्या नव्या दमाच्या पाद्र्यांना हा सगळा प्रकार भेसळ वाटे. कॅथलिक ॲक्शन नावाच्या चळवळीतून त्यांनी तरुण मायांना प्रवचनकार म्हणून तयार केलं आणि कोफ्रादियांशी उभा दावा मांडला. बाप धूप जाळतोय, मुलगा त्याला अडवतोय, अशी घराघरांत भांडणं झाली. पण याच तरुणांनी पुढे सहकारी संस्था काढल्या, खत एकत्र विकत घेतलं, मळ्यावरच्या मजुरीला नकार द्यायला सुरुवात केली. तिथे लष्कराशी गाठ पडली. पाद्री आणि प्रवचनकार इतक्या सटासट मारले जाऊ लागले, की 1980 साली बिशप हुआन हेरार्दी यांनी किचेचा धर्मप्रांतच बंद केला. उरलेले पाद्री आणि जोगिणी निघून गेल्या. काही गावांत लष्करानं चर्चच्याच आवारात तळ ठोकला. त्या काळात मारलेल्या दहा जणांना 2021मध्ये धन्य घोषित करण्यात आलं. त्यांतले तीन स्पॅनिश पाद्री, सात गावातली साधी माणसं, आणि त्या सातांत एक बारा वर्षांचा मुलगा. हेरार्दी स्वतः त्या वेळी वाचले. 1998मध्ये त्यांनी युद्धातल्या अत्याचारांचा चर्चनं जमवलेला अहवाल प्रसिद्ध केला आणि दोनच दिवसांनी, 26 एप्रिलला, त्यांचा डोक्यात घाव घालून खून झाला.

किचेच्या उत्तरेला डोंगर ओलांडला की इशील लोकांचं नेबाह. 23 मार्च 1982च्या बंडानंतर सत्तेवर आलेला जनरल एफ्राइन रिओस मॉन्ट हा एल व्हेर्बो या पेंटेकोस्टल चर्चचा सभासद. हे चर्चही कॅलिफोर्नियाहून भूकंपाच्या मदतीबरोबरच आलेलं. रविवारी रात्री हा जनरल टीव्हीवरून देशाला सदाचाराचं प्रवचन देई आणि त्याच्या फौजा इशील गावं जाळत. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकारानं नेमलेल्या सत्यशोधन आयोगानं 1999मध्ये नोंदवलं, की इशील भागातली 70 ते 90 टक्के खेडी बेचिराख झाली. संपूर्ण युद्धात दोन लाखांवर माणसं मेली किंवा नाहीशी झाली आणि ओळख पटलेल्या बळींत 83 टक्के माया होते. अमेरिकेतले टीव्ही-प्रवचनकार याच काळात रिओस मॉन्टची पाठ थोपटत होते. 2013च्या मे महिन्यात न्यायालयानं त्याला वंशसंहारासाठी दोषी ठरवलं. दहा दिवसांत घटनात्मक न्यायालयानं तो निकाल रद्द केला. 2018मध्ये तो घरी, अंथरुणात मेला.

एवढं ऐकल्यावर नेबाहमध्ये इव्हान्हेलिकोंचा तिटकारा असेल असं आपल्याला वाटतं. तसं नाही. संध्याकाळ झाली की चौकाच्या चारी बाजूंनी कर्ण्यांतून भजनं सुरू होतात, की-बोर्ड आणि ड्रमसकट. ज्या वर्षांत कॅथलिक प्रवचनकार असणं जिवावर बेतत होतं, त्या वर्षांत हातात बायबल असलं तर चौकीवरचा सैनिक पुढे जाऊ देई. माणसं आधी जीव वाचवायला आत गेली. मग तिथेच लग्नं लागली, मुलं झाली, मयतं निघाली. आता त्यांना 'तुम्ही जनरलच्या धर्मात का?' असं विचारणं उद्धटपणाचं होईल. मी विचारलं नाही.

परत दक्षिणेला उतरून पानाहाचेलहून लाँच घेतली, की आतित्लान सरोवर ओलांडून सान्तियागोला जाता येतं. सकाळची लाँच पकडावी. दुपारी वारा सुटला की पाणी खवळतं आणि मागच्या बाकांवरचे लोक भिजून निघतात. इथलं फ्रान्सिस्कनांचं चर्च सोळाव्या शतकातलं. भिंतींलगत संतांच्या लाकडी मूर्ती ओळीनं उभ्या, प्रत्येकाच्या अंगावर गावातल्या बायकांनी शिवलेले कपडे आणि गळ्यात स्कार्फ. मुख्य वेदीमागची भव्य लाकडी चौकट भूकंपांनी मोडली होती. ती पुन्हा उभी केली दिएगो चावेस पेत्सेय आणि निकोलास चावेस सोहुएल या गावच्याच सुतार-शिल्पी भावांनी. त्यांनी तिला डोंगराचं रूप दिलं आणि कडेनं कोफ्रादियाचे मानकरी त्या डोंगरावर चढताना कोरले. युरोपातल्या वेदीवर देवदूत असतात तिथे इथे गावचे त्सुतुहील माया शेतकरी आहेत.

हे काम त्यांना सोपवलं स्टॅन्ली रोथर या पाद्र्यानं. ओक्लाहोमाचा शेतकऱ्याचा मुलगा. लॅटिन जमेना म्हणून सेमिनरीनं त्याला एकदा घरी पाठवलं होतं. 1968मध्ये तो इथे आला आणि लॅटिन न जमलेल्या या माणसानं त्सुतुहील शिकून त्या भाषेत मिसा म्हणायला सुरुवात केली. नव्या कराराचं भाषांतर, दवाखाना, गावचं रेडिओ केंद्र, शेतात स्वतः ट्रॅक्टर चालवणं. गाव त्याला पाद्रे आप्लास म्हणे. 1981च्या जानेवारीत ठार मारायच्या यादीत नाव असल्याचं कळल्यावर तो मायदेशी गेला, पण कळपावर संकट असताना मेंढपाळानं पळायचं नसतं अशी त्याची धारणा. ईस्टरला तो परत आला. 28 जुलैच्या रात्री मारेकरी चर्चच्या निवासात शिरले. तो सेहेचाळीस वर्षांचा होता. देह ओक्लाहोमाला गेला, पण गावकऱ्यांनी हृदय मागून घेतलं आणि ते याच चर्चमध्ये आहे. मारलं ती खोली आता प्रार्थनेची जागा आहे; बंदुकीच्या गोळीची खूण तशीच ठेवली आहे. 2017 साली त्याला धन्य घोषित केलं, तेव्हा त्सुतुहील बायका आपले वीपील घालून ओक्लाहोमा सिटीच्या सोहळ्यात होत्या. 2 डिसेंबर 1990ला लष्करानं याच गावच्या निःशस्त्र जमावावर गोळ्या झाडून तेरा जणांना मारलं, तेव्हा गावानं एकजुटीनं मागणी करून लष्कराचा तळच उठवायला लावला. हे त्या देशात फार थोड्या गावांना जमलं.

शेवटचा मुक्काम तोतोनिकापानच्या वरच्या अंगाला, एका किचे वस्तीत. इथे प्रत्यक्ष चर्च बांधताना पाहायला मिळालं. भिंत पोमेसच्या ब्लॉकांची, म्हणजे ज्वालामुखीच्या हलक्या दगडाचा चुरा घालून पाडलेल्या. आपल्या सिमेंट ब्लॉकपेक्षा उचलायला हलके. दर काही थरांनी आडव्या सळया आणि काँक्रीटचा पट्टा, कोपऱ्यांत कॉलम. 1976नंतर हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. अमेरिकेहून आलेला निळ्या टी-शर्टांचा गट सकाळी आठला कामाला लागला. जमिनीवरच वाळू-सिमेंटचा ढीग, मध्ये खळगा, खळग्यात पाणी, आणि फावड्यांनी माल कालवणं. दोन मुलांनी पाणी जास्त ओतलं, माल ओघळला. मिस्त्री काही बोलला नाही, त्यानं दोन घमेली कोरडी वाळू टाकली. मुलं मनापासून राबत होती, यात शंका नाही. एका मुलीच्या हातांना फोड आले तरी ती हटेना. पण तिच्या मागे गावचे तीन बिगारी थापी हातात घेऊन नुसते उभे होते. त्यांचं काम ती करत होती.

दुपारी केळीच्या पानात गुंडाळलेले मक्याचे तामालितो आणि कोंबडीचा रस्सा आला. ज्या घरी आठवड्यात एकदा कोंबडी शिजत असेल-नसेल, त्या घरातून.

पाच वाजता गटाची गाडी गेली. मग मिस्त्रीनं ओळंबा सोडला, एक डोळा मिटून पाहिलं आणि दोन थर उतरवले. माल ओला होता, ब्लॉक सहज सुटले. ते पाण्यानं धुतले, दोरी ताणली आणि अंधार पडेपर्यंत तिघांनी भिंत पुन्हा चढवली. "त्यांना सांगत नाही का?" मी विचारलं. "कशाला? पाहुणे आहेत," तो म्हणाला.

या पाहुणचाराचा हिशेब शेजारच्या होंडुरासमध्ये कुणी तरी घातला होता. 1998च्या मिच वादळानंतर तिथे घरं बांधायला आलेल्या अमेरिकन गटांचा अभ्यास कुर्ट व्हेर बीक या समाजशास्त्रज्ञानं केला. प्रवासासकट एका गटाचा खर्च सुमारे 30 हजार डॉलर. तेच घर स्थानिक ख्रिस्ती संस्था सुमारे दोन हजारांत बांधत होती. घर मिळालेल्या कुटुंबांना कुणी बांधलं यानं काही फरक पडला नव्हता. एवढ्यावरून अशा सहली बंद कराव्यात असं मी म्हणणार नाही. सुतारआजोबांसारख्यांना या देशाबद्दल जो जिव्हाळा वाटतो तो खोटा नाही, आणि तिकिटाचे पैसे कुणी घरबसल्या पाठवले नसते हेही खरं. पण गवंड्याच्या देशात गवंडीकाम शिकायला यायचं आणि त्याला सेवा म्हणायचं, हे काही मला पटत नाही.

गंमत अशी, की या वस्तीच्या चर्चला त्या गटाची तितकीशी गरजच उरलेली नव्हती. 2023मध्ये ग्वाटेमालाच्या माणसांनी परदेशातून घरी पाठवलेला पैसा जवळजवळ 20 अब्ज डॉलर होता, देशाच्या उत्पन्नाच्या सुमारे एक पंचमांश. तोतोनिकापानचे किचे 1980च्या दशकापासून ह्यूस्टनला जात आले आहेत. तिथे त्यांनी स्वतःची प्रार्थनामंडळं उभी केली, आणि आता गावच्या चर्चचा पाया, खिडक्या, ध्वनिक्षेपक यांचा खर्च तिकडून येतो. निळे टी-शर्ट जमिनीवर माल कालवत होते, सिमेंटची पोती मात्र ह्यूस्टनच्या पोरांच्या पैशांतली होती.

त्या रात्री चर्चच्या समितीची बैठक एका दुकानाच्या मागच्या खोलीत भरली. खजिनदारानं शाळेची वही उघडली. डावीकडे पोरांची नावं, उजवीकडे डॉलर. पत्र्याऐवजी स्लॅब टाकायची हे आधीच ठरलेलं. वर दुसरा मजला चढवता यावा म्हणून कॉलमच्या सळया वर मोकळ्या सोडायच्या, यावरही वाद नव्हता. वाद होता तो उरलेल्या पैशांवर. ह्यूस्टनवाल्यांना फोनवर फोटो गेले होते आणि त्यांना समोरच्या दर्शनी भिंतीला निळ्या काचा हव्या होत्या, शेजारच्या गावच्या चर्चला आहेत तशा. कोपऱ्यात बसलेल्या दोन बायकांचं म्हणणं, रविवारी चार-चार तास प्रार्थना चालते, मुलंबाळं घेऊन बायका येतात आणि संडास नाही. पाद्री काचांच्या बाजूनं झुकलेला दिसला. बराच वेळ किचेत बोलणं झालं, एक-दोनदा आवाज चढले. अखेर संडास आधी, असा ठराव झाला, आणि खजिनदारानं तिथल्या तिथे ह्यूस्टनला निरोप धाडला, की काचांचे वेगळे पैसे पाठवा.